आधी पुठ्ठा वाचा, मग चेहरा: जुन्या फोटोचं साल कसं काढावं

नात्यागोत्यात कुणी माळा आवरायला काढला की मला फोन येतो. "ट्रंकेत एक फोटो निघालाय, पगडीवाले गृहस्थ आहेत, कोण असतील आणि कधीचा असेल?" मी विचारते, "पुठ्ठा कसा आहे?" पलीकडे शांतता. मग उत्तर येतं, "पुठ्ठा? तो साधाच आहे."

फोटो ज्यावर चिकटवलेला असतो तो पुठ्ठा साधा कधीच नसतो. माझी नोकरी पुण्यातल्या एका छापखान्यात झाली, तीही फिनिशिंग खात्यात: डाय मारणं (साच्याने दाबून कापणं), उठावाची छपाई, सोनेरी वर्ख दाबणं, कोपरे गोल करणं. त्यामुळे फोटो हातात आला की माझी नजर आधी कडेवर जाते. आणि साल काढायचं असेल तर ती तिथेच जायला हवी. पगडीवरून साल काढायच्या फंदात पडू नका. तीच पगडी बाप आणि मुलगा दोघांनीही घातलेली असते, वयस्क माणसं तरुणपणीचे अंगरखे शेवटपर्यंत वापरतात, आणि कोट तर कधीकधी स्टुडिओचाच असतो. पुठ्ठा मात्र बाजारातला माल होता. युरोपातले कारखाने दर काही वर्षांनी त्याची तऱ्हा बदलत, म्हणून तो काळ दाखवतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. हा फोटो अमुक सालाच्या आधीचा नाही, एवढं पुठ्ठा ठामपणे सांगतो. अमुक सालानंतरचा नाही, असं तो सहसा सांगत नाही. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंचे छापील माउंट, म्हणजे हेच पुठ्ठे, बऱ्याचदा परदेशातून येत, गठ्ठ्याने येत, आणि गठ्ठा संपेपर्यंत वापरले जात. तालुक्याच्या गावी तर मुंबईत जुनी झालेली तऱ्हा नवी म्हणून चाले. इंग्रजी पुस्तकांतली कोष्टकं बहुतेक अमेरिका-इंग्लंडच्या फोटोंवरून केलेली आहेत. आपल्याकडचा फोटो असेल तर मी त्यातल्या शेवटच्या सालापुढे निदान पाच वर्षं सोडते, लहान गावचा असेल तर दहा.

फोटो पुठ्ठ्यावर चिकटवत का होते, हेही माहीत असावं. १८५० मध्ये ब्लांकार एव्हरार या फ्रेंच माणसाने अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद काढला. पुढची चाळीसेक वर्षं बहुतेक फोटो याच अल्ब्युमेन कागदावर छापले गेले. हा कागद अतिशय पातळ आणि सुटा ठेवला की सुरळी होणारा. म्हणून तो पुठ्ठ्यावर डकवावाच लागे. पुढे जाड कागद आले, पुठ्ठ्याची गरज संपली आणि माउंटचा धंदाही आटला.

आधी मापं

पोलादी पट्टी घ्या. कापडी टेप नको, ती ताणली जाते. फोटोची नाही, पुठ्ठ्याची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा.

साधारण ६४ × १०० आलं तर ते कार्त द व्हिझित. व्हिझिटिंग कार्डाएवढा फोटो, म्हणून ते नाव. पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ मध्ये याचं पेटंट घेतलं. निगेटिव्हच्या एकाच काचेवर अनेक छब्या टिपायच्या, कागद कापून वेगवेगळ्या चिकटवायच्या, म्हणजे एकेक फोटो स्वस्त. १८६० च्या आसपास याचं वेड जगभर पसरलं. मुंबई त्यात मागे नव्हती. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची, आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग १८५५ मध्ये सुरू झालेला. त्याच वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईत नामांकित फोटोग्राफर झाले.

१०८ × १६५ च्या जवळपास आलं तर कॅबिनेट कार्ड. हे माप १८६६ मध्ये इंग्लंडात पुढे आलं. तेव्हा कॅबिनेट कार्ड हातात असेल आणि घरचे "सत्तावन्नच्या बंडाच्या वेळचा फोटो आहे" म्हणत असतील, तर तो वाद तिथेच मिटतो. आपल्या घरांतून निघणारे बहुतेक चांगले फोटो कॅबिनेटच असतात, आणि त्यांतले बरेचसे १८८० ते १९०५ या पट्ट्यातले. याखेरीज व्हिक्टोरिया, प्रॉमिनाड, बूदुआर, इंपीरियल अशी मापं होती. ती क्वचित मिळतात आणि १८७० नंतरचीच असतात. एवढं पुरे.

दोनतीन मिलिमीटरचा फरक सोडून द्या. एका बाजूने वीस मिलिमीटर कमी भरत असेल तर कुणीतरी फ्रेमच्या मापाला पुठ्ठा कापलेला आहे. हा आपल्याकडचा फार मोठा घात. कापलेला भाग जवळजवळ नेहमी खालचा असतो, आणि स्टुडिओचं नाव तिथेच छापलेलं असतं.

कड, कोपरा, जाडी

सगळ्यात जुने कार्त द व्हिझित पातळ असतात, पाव ते अर्धा मिलिमीटर. कोपरे चौकोनी, आणि समोर फोटोभोवती सोनेरी रंगाची एक किंवा दोन बारीक रेघांची चौकट. ही तऱ्हा १८६० च्या दशकाची. १८७० च्या सुमाराला कोपरे गोल होऊ लागले. कारणही व्यवहाराचं आहे: चौकोनी कोपरा दुमडतो, आणि आल्बमच्या खाचेत सरकवताना अडतो. इथे एक सावधगिरी बाळगा. खाचेत शिरावा म्हणून लोक घरी कात्रीनेही कोपरे कापत. यंत्राने केलेली गोलाई चारही कोपऱ्यांना एकसारखी असते. कात्रीची गोलाई कधीच जुळत नाही, आणि भिंगाखाली तिला बारीक पैलू दिसतात.

जाडी दशकागणिक वाढत गेली. १८८० नंतरचं कॅबिनेट कार्ड हातातच जड लागतं, पाऊण मिलिमीटर किंवा जास्त. छापखान्यातला मायक्रोमीटर असेल तर उत्तम. नसेल तर माहीत असलेल्या सालाचं एखादं कार्ड शेजारी धरून बोटांनी चाचपा. आकड्याइतका नाही, पण अंदाज येतो.

मग कड. कड तिरकी कापून तिच्यावर सोनेरी मुलामा दिला असेल तर १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धाच्या मागे जाऊ नका. मी सरळ १८८० चं दशक धरते. कातणाने कापलेल्या करंजीसारखी नागमोडी कड असेल तर १८८० च्या दशकाची अखेर आणि १८९० चं दशक. ही कड एका दाबात डायनेच काढता येते, हाताने नाही, त्यामुळे बनावट होण्याची भीती कमी. तिच्या टोकांवर सोनं उरलंय का ते तिरप्या उजेडात पाहा. आलेलं गिऱ्हाईक त्या सोन्यासाठी जास्त पैसे मोजत असे, म्हणजे घरची परिस्थितीही कळते.

रंगाचं सांगायचं तर आरंभी पांढरा किंवा साय-रंग. १८७० च्या दशकात फिके पिवळे, राखाडी, गुलाबी. १८८० च्या दशकात एकदम गडद: काळा, मरून, बाटलीचा हिरवा, चॉकलेटी, आणि त्यावर सोनेरी अक्षरं. १८९० नंतर पुन्हा फिके रंग आणि शाई न लावता नुसती दाबून उठवलेली अक्षरं. १९०० नंतर राखाडी, मातकट, खरबरीत पुठ्ठा, फोटोभोवती दाबाची चौकट, वर पातळ कागदाची झडप. शाळांचे आणि संस्थांचे खुर्च्या मांडून काढलेले ग्रुप फोटो बहुधा याच शेवटच्या प्रकारात सापडतात. रंग मात्र एकटा घेऊ नका. पांढरा पुठ्ठा साऱ्या काळात विकला गेलाय आणि दमट हवेत त्याचा साय-रंग आपोआपच होतो.

पाठ

मला सगळ्यात रमायला होतं ते इथे. फोटोची पाठ म्हणजे स्टुडिओची जाहिरात. १८६० च्या दशकात ती संकोची: मधोमध नाव, गाव, बस. १८७० च्या दशकात नाव तिरपं होतं, वेलबुट्टी येते, राजचिन्ह येतं. १८८० च्या दशकात पाठीवर बोट ठेवायला जागा उरत नाही: पंख असलेली बाळं, रंगांची ताटली, कॅमेरा, उगवता सूर्य, जपानी बांबू आणि पक्षी. माटुंग्याच्या घरातला फोटो असो की मिरजेच्या, पाठीवर व्हिएन्नाची फॅशन. याचं कारण पाठीच्या अगदी खालच्या कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत मिळतं. तिथे माउंट छापणाऱ्याचं नाव असतं. पॅरिसच्या मारियोंचं किंवा व्हिएन्नाच्या बर्नहार्ड वाख्टलचं नाव दिसलं तर गोंधळू नका. फोटो परदेशात काढलेला नाही, फक्त पुठ्ठा तिकडचा आहे.

ही छपाई शिळाछापाची. भिंगातून पाहिली की रंग सपाट आणि भरीव दिसतो. उलट, समोरच्या चित्रातच बारीक टिपक्यांची जाळी दिसली, तर तो फोटोच नाही. तो ब्लॉकवरून छापलेला कागद आहे, कुठल्यातरी मासिकातला किंवा देवघरात लावण्यासाठी विकत घेतलेला. अशा "फोटों"ना पुठ्ठ्यावर चिकटवून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं मी पाहिलंय.

पाठीवरची बढाई शब्दश: वाचा, कारण तिच्यात तारखा लपलेल्या असतात. गव्हर्नरच्या आश्रयाचा उल्लेख असेल तर नाव बघा. यांतली बरीचशी नावं आपल्याला कॉलेजवरून आणि लोकलच्या स्टेशनांवरून तोंडपाठ आहेत: फर्ग्युसन १८८० ते ८५, रे १८८५ ते ९०, हॅरिस १८९० ते ९५, सँडहर्स्ट १८९५ ते १९००. ड्यूक ऑफ कॅनॉटचं नाव पुण्या-मुंबईच्या कार्डावर दिसलं तर लक्षात ठेवा की तो १८८६ अखेरपासून १८९० पर्यंत मुंबई लष्कराचा सेनापती होता. गव्हर्नर बदलून गेला तरी स्टुडिओ त्याचं नाव मिरवतच राहायचा, म्हणून यातूनही फक्त खालची मर्यादा मिळते. प्रदर्शनांच्या पदकांचंही तसंच. चार पदकं छापली असतील तर सर्वात अलीकडचं पाहा. १८८३-८४ चं कलकत्त्याचं प्रदर्शन आणि १८८६ चं लंडनचं ही दोन आपल्याकडच्या कार्डांच्या संदर्भात आधी आठवावीत.

प्रिन्स ऑफ वेल्सचं नाव फसवं. एक प्रिन्स ऑफ वेल्स १८७५ च्या नोव्हेंबरात मुंबईत उतरला, तो पुढे सातवा एडवर्ड झाला. त्याचा मुलगा त्याच पदवीने १९०५ च्या नोव्हेंबरात उतरला. कार्डावर नुसती पदवी असेल तर तीस वर्षांचा घोळ. तो कोपरा, कड आणि रंग सोडवतात.

"इन्स्टंटेनियस", म्हणजे क्षणात फोटो, अशी जाहिरात असेल तर १८८० च्या आधी जाऊ नका, कारण तयार कोरड्या काचा तेव्हा सर्रास मिळू लागल्या. विजेच्या दिव्यावर फोटो काढून मिळेल असं मुंबईच्या कार्डावर असेल तर ते बहुधा १९०५ नंतरचं. शहराला वीज पुरवणारी कंपनी त्या वर्षी उभी राहिली.

स्टुडिओचं नावही असंच घासून पाहायचं. राजा दीन दयाळ हे सोपं उदाहरण. "राजा" ही पदवी त्यांना हैदराबादच्या निजामाने १८९४ मध्ये दिली, आणि मुंबईचा स्टुडिओ १८९६ चा. म्हणजे पदवी छापलेली असली की १८९४ नंतर, मुंबईचा पत्ता असला की १८९६ नंतर. राणीच्या नेमणुकीची सनद त्यांना १८९७ मध्ये मिळाली, ती छापली असली की आणखी एक पायरी वर. हॉवर्ड, बोर्न अँड शेफर्ड अशी तिन्ही नावं एकत्र दिसली तर १८६० च्या दशकाचा मध्य, कारण हॉवर्ड लवकरच गळला आणि पुढे दोघांचंच नाव राहिलं. असं कार्ड मिळालं तर मला अवश्य दाखवा.

छबी आणि पुठ्ठा एकाच वयाचे आहेत का?

हे तपासल्याशिवाय साल लिहू नका. आपल्याकडे माणूस गेल्यावर त्याच्या जुन्या फोटोवरून नवा फोटो काढून घ्यायची पद्धत फार. श्राद्धाला, भिंतीवर लावायला, मुंबईच्या मुलाला एक आणि इंदूरच्या मुलीला एक. तेव्हा पुठ्ठा १९०२ चा आणि आतला माणूस १८७५ चा, असं सहज होतं. खूण अशी: सगळी छबी सारखीच बुळबुळीत मऊ, डोळ्यांत धार नाही, काळा भाग एकजीव काळा. कधीकधी जुन्या कार्डाची कड, टाचणीचं भोक किंवा सुरकुती फोटोच्या आतच उतरलेली असते. बोटाला लागत नाही पण डोळ्याला दिसते. चेहऱ्यावर रंग किंवा पेन्सिलीचे फटकारे जास्त असतील तर संशय आणखी वाढवा.

मग कागद पाहा. भिंगातून अल्ब्युमेन कागदाचे तंतू दिसतात, रंग तपकिरी-जांभळा, उजळ भाग पिवळसर, आणि चकाकीवर बारीक तडे. तंतू दिसत नसतील, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत असेल आणि काळ्या भागावर तिरप्या उजेडात चांदीसारखी निळसर झाक येत असेल, तर तो जिलेटिनचा कागद, १८८५-९० नंतरचा. कागद आणि पुठ्ठा एकमेकांशी जुळले तर पुढे जा. पुठ्ठा १८७० चा वाटतोय आणि कागद जिलेटिनचा, तर कागदाचं ऐका.

शके, संवत्सर आणि मोडी

आपल्या फोटोंना इंग्रजी पुस्तकांत नसलेली एक सोय आहे. पाठीवर कुणीतरी शके लिहून ठेवलेलं असतं, अनेकदा मोडीत. मोडी वाचणारं माणूस शोधा, अंदाजाने अक्षरं लावू नका. शकात ७८ मिळवा. महिना पौषाचा उत्तरार्ध, माघ किंवा फाल्गुन असेल तर ७९, कारण तोवर इंग्रजी साल बदललेलं असतं.

अडचण येते ती नुसतं संवत्सराचं नाव असेल तेव्हा. माझ्या भाच्याने आणलेल्या कार्डाच्या पाठीवर मोडीत एवढंच होतं: "व्ययनाम संवत्सरे, माघ". संवत्सरं साठ, चक्र फिरत राहतं. व्यय हे शके १८०८ ला येतं आणि पुन्हा शके १८६८ ला. माघ म्हणजे ७९ मिळवायचे, तेव्हा एक तर १८८७ किंवा १९४७. घरच्यांनी १९४७ धरलं होतं आणि फोटोतला तरुण म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ, असं ठरवून त्याच्या प्रतीही वाटल्या होत्या.

कार्ड मोजलं, कॅबिनेट. समोरची बाजू मरून, नाव सोनेरी, कड तिरकी कापलेली आणि सोन्याचा मागमूस उरलेला. पाठ फिकट पिवळी, वेलबुट्टीने भरलेली, खाली व्हिएन्नाच्या छापणाऱ्याचं नाव. कागद अल्ब्युमेन, तंतू स्पष्ट, डोळ्यांत धार, म्हणजे नक्कल नव्हे. यातली कुठलीही एक खूण एकटी घेतली तर वाद घालता आला असता. पण १९४७ मध्ये या चारही गोष्टी एका कार्डावर कुठून येणार? माघ शके १८०८, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी १८८७. तो तरुण आजोबांचा भाऊ नाही, आजोबांचे आजोबा असावेत. भाचा म्हणाला, "मावशी, आता सगळ्यांना पुन्हा फोन करायला लागणार." मी म्हटलं, कर.

लिहून ठेवताना

नुसतं "१८८७" लिहू नका. "१८८७, पाठीवरच्या संवत्सरावरून, माउंट १८८० च्या दशकाचा" असं कारणासकट लिहा. पाठीवर काहीच लिहिलेलं नसेल तर पट्टा लिहा: "१८८५ ते १९००, नागमोडी कड". पुढच्या माणसाला जास्त माहिती मिळाली तर त्याला तो पट्टा आवळता येईल. हे सगळं वेगळ्या कागदावर लिहून फोटोसोबत पाकिटात ठेवा. कार्डावरच लिहायचं असेल तर मऊ शिशाची पेन्सिल, पाठीच्या कोऱ्या कडेला, दाब न देता. बॉलपेनचा दाब समोर उठतो, जेलची शाई दमट हवेत पसरते.

मोबाइलवर फोटो काढताना समोरची बाजू, पाठ आणि कड, तिन्ही घ्या, पट्टी शेजारी ठेवून. मला विचारायला पाठवणारे निम्मे लोक फक्त चेहरा कापून पाठवतात. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. उष्णतेने अल्ब्युमेनचा थर बिघडतो, प्लास्टिक पुन्हा निघत नाही, आणि सोनेरी कड कायमची आत जाते. काचेच्या फ्रेममध्ये असेल तर मागचा प्लायवुड काढून पाहा. तिथे कसर लागलेली असते, आणि कित्येकदा फ्रेमवाल्याने कापलेली स्टुडिओच्या नावाची पट्टीही आधाराला म्हणून तिथेच खोचलेली सापडते.